एकदाच विचारणारे वाचक

यशोधराचे पत्र येऊन सतरा दिवस झाले होते आणि मी उत्तर दिले नव्हते. सुदुंबऱ्याची ही मुलगी लोणावळ्यात आमच्या ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत बसून शिकली. मी तिथला निवृत्त ग्रंथपाल. आता ती अभ्यासिकेची वेबसाइट करत होती. जागा चाळीस, नोंदणी येत्या रविवारी सकाळी दहाला. वेबसाइट कोलमडली तर माझ्या निवृत्तीनंतर वाटत आले तशा जागा ओळखीनेच वाटायच्या, असे समितीने ठरवूनच ठेवले होते. पत्रात तिने विचारले होते, ‘सर, चाचणीसाठी मी संगणकात हजार खोटे वाचक तयार केलेत. खरे वाचक गर्दीत कसे वागतात?’

मला त्यातले काय कळते, असे वाटून मी पत्र शब्दकोशात ठेवून दिले.

सोमवारी मी ग्रंथालयात पेपर वाचत असताना ती लॅपटॉप घेऊन आली. “सर, बघा, हजार जण एकदम आत आले.”

झाडलोट करणाऱ्या चिमाबाईंनी दाराकडे पाहिले. “कुटं? पायपुसणं तर कोरडंच हाय.”

“ते दिसत नाहीत, मावशी.”

“मग बरंय. लादी पुसाय नको.”

खोट्या वाचकांनी नाव भरले, एकदा बटण दाबले आणि उत्तर येईपर्यंत थांबले. वेबसाइट टिकली. यशोधराने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसत “छान” म्हणालो.

ती गेल्यावर चिमाबाई म्हणाल्या, “लय गुणाची मानसं तिची. आपल्याकडं एकदा इचारून कोन गप बसलंय, आबा?”

मला तेच लिहायचे होते. ‘थांबा’ म्हटले की माणूस पुन्हा विचारतो. दहा जणांचे चाळीस प्रश्न होतात. म्हणून मी खिडकीवर क्रमांकाचे पितळी बिल्ले देत असे. बिल्ला मिळाला की लोक बाकावर जाऊन बसत. यशोधराही तिच्या नोंदणीच्या दिवशी एकोणचाळीस नंबरचा बिल्ला मुठीत धरून दोन तास बसली होती.

फोनवर मला धड बोलता येत नाही. मंगळवारी लिहायला बसलो. ‘कदाचित’ हा शब्द तीनदा घातला, तीनदा खोडला. शेवटी उरले ते असे: ‘तुझ्या वाचकांना अधीर कर. प्रत्येकाला चार-चारदा बटण दाबायला लाव. वेबसाइट अडेल. मग पहिल्याच दाबण्याला प्रत्येकाच्या हाती क्रमांक दे.’

पोस्टात स्पीड पोस्टच्या खिडकीवर विचारले, “शुक्रवारपर्यंत पोचेल ना?”

“पोचेल.”

“सुदुंबऱ्याला आहे. शुक्रवारपर्यंत?”

“हो, आजोबा.”

“म्हणजे रविवारच्या आधी नक्की—”

“ही घ्या पावती. वर नंबर आहे.”

पावती खिशात ठेवली आणि मी खिडकीपासून बाजूला झालो.