डावा खांदा

नेव्हिलचा डावा खांदा कामातून गेलाय, हे तो सोडून दोघांनाच ठाऊक होतं. मला, बायको म्हणून. आणि क्लाइव्हला, ज्याला ते सांगावंच लागलं नव्हतं. रग्बीच्या स्क्रममध्ये दोन्ही संघांचे पुढचे गडी डोकी खुपसून एकमेकांना रेटतात, तेव्हा मधला गडी शेजारच्या दोघांच्या खांद्यांवर हात टाकून लोंबकळतो. क्लाइव्ह कित्येक वर्षं नेव्हिलच्या त्याच खांद्याला लोंबकळला. हाड सरकलं की आधी त्याच्या हाताला कळायचं. तो तिथेच, गर्दीत, ते दाबून बसवायचा आणि पंचाला म्हणायचा, "काही नाही साहेब, म्हातारा दमलाय."

दर रविवारी हा आमच्याकडे जेवायला. भाजलेलं बीफ, वर भरपूर ग्रेव्ही, आणि पुडिंगची करपलेली कड त्याचीच. गेल्या हिवाळ्यात तो जास्त पैशांवर पलीकडच्या गावच्या क्लबात खेळायला गेला. मला राग नाही आला; पोट सगळ्यांनाच असतं. रविवार चालूच राहिले.

मग कपाची उपांत्य फेरी आली आणि समोर नेमके तेच. नेव्हिल चौतिशीचा. उभी कारकीर्द चेंडू छातीशी धरून माणसांच्या भिंतीवर आदळण्यात गेली, पण अंतिम सामन्याचं वेम्ब्ली मैदान त्याने टीव्हीवरच पाहिलेलं. "एकदाच, मॉरीन," म्हणायचा, "एकदा तिथे खेळलो की बूट खुंटीला."

सामना सुरू झाला आणि त्यांचा सगळ्यात जाडा गडी सरळ नेव्हिलच्या डाव्या अंगावर आला. मी काही मनावर घेतलं नाही. दुसराही डावीकडेच. तिसरा तर उजवीकडची मोकळी जागा सोडून डावीकडे वळला, तेव्हा माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मी स्टँडमध्ये बसून बघत होते. वर आमचेच लोक ओरडत होते, "अरे म्हाताऱ्या, अडवतोयस की मिठी मारतोयस?"

नेव्हिल मैदान सोडेना. एका हाताने अडवत राहिला आणि शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही पुढे होतो. मग चेंडू खुद्द क्लाइव्हकडे आला. तोही तिथूनच घुसला. नेव्हिलचा हात वर उठलाच नाही आणि क्लाइव्हने चेंडू आमच्या रेषेपार टेकवला. गेलं वेम्ब्ली.

सामना संपला की स्टँडखालच्या बारमध्ये दोन्ही संघ जमतात. क्लाइव्ह आला, बिअरचे दोन ग्लास घेऊन.

"लाज नाही वाटत?" मी म्हटलं. "खाल्ल्या मिठाला तरी जागायचंस!"

"अगं मॉरीन, आमच्या कोचनं विचारलं, नेव्हिलला कुठून फोडायचं. मी काय सांगणार?"

"माहीत नाही, म्हणायचं," नेव्हिल म्हणाला. "तेवढंच."

क्लाइव्हने ग्लास ठेवले.

"बरं, सांगितलंस," नेव्हिल म्हणाला. "पण शेवटी तू स्वतः आलास, क्लाइव्ह."

"जागा तिथेच होती रे. तू माझ्या जागी असतास तर..."

"मी वळसा घालून बाहेरून गेलो असतो. पडलो असतो तर पडलो असतो."

क्लाइव्हने हात पुढे केला. नाक फोडणाऱ्यांशीही हात मिळवूनच घरी येणारा माझा नवरा त्या हाताकडे नुसता बघत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"कोट चढवायला मदत कर गं," म्हणाला. "आणि रविवारी आपण दोघंच."

मी त्याचा डावा हात हळूच बाहीत घातला.