उजव्या बाजूचा गुम्मेटा

मी बुर्रकथेच्या, म्हणजे तेलुगू मुलखात गाऊन-वाजवून सांगितल्या जाणाऱ्या लोककथेच्या, उजव्या बाजूचा गुम्मेटा बोलतो आहे. बाजू सांगितल्याखेरीज माझी ओळख पुरी होत नाही. बुर्रकथेत मधोमध तंबुरा घेतलेला कथेकरी उभा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना माझ्यासारखी, तोंडावर कातडे मढवलेली मातीची वाद्ये घेतलेले दोन साथीदार. डावा हसवतो. उजवा राज्यकारभारावर बोलतो. कथा कितीही जुन्या राजाची असो, ती मध्येच अडवून आजचा कर, आजचा अधिकारी, आजचा अन्याय तिच्यात आणण्याचा हक्क उजव्याला असतो. लोकपरंपरेने राजकारणासाठी राखून ठेवलेली ही जागा आहे, आणि त्या जागेचा आवाज मी आहे.

कृष्णेच्या काठी वीरास्वामी नावाच्या कुंभाराने आम्हां दोघा भावांना एकाच गाऱ्यातून घडवले, एकाच भट्टीत भाजले. कथेकरी पेर्राजू आम्हांला न्यायला आले, तेव्हा त्यांचा हात आधी माझ्यावर पडला, म्हणून मी उजवा झालो. यात माझी गुणवत्ता काहीच नव्हती. माणसांतही मानाच्या जागा पुष्कळदा अशाच ठरतात. पुढे मात्र त्यांना परंपरा म्हणतात.

मला वाजवायचा चलमय्या. तो गोदावरीच्या सुपीक मुलखातला, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला आदराचा ‘अहो’ लावणारा. माझा भाऊ येल्लय्याच्या गळ्यात असे. येल्लय्या कृष्णेपल्याडच्या तेलंगणातला. जमीनदार दोराच्या वेठबिगारीतून तरुणपणी पळाला आणि आमच्या मेळ्यात आला. त्याच्या तेलुगूत निजामाच्या मुलखाची उर्दू मिसळलेली होती. पेर्राजूंनी त्याला काहीही विचारावे, त्याने आपल्या घरच्या बोलीत उत्तर द्यावे, की आमच्या काठचा मंडप हसून लोळे. विनोद असा काही नसेच. त्याचे बोलणे हाच विनोद.

“पेर्राजूगारू, एकदा उजवी बाजू द्या की मला,” तो नावाला आदराचा ‘गारू’ जोडून अधूनमधून म्हणे.

“अरे, तू तोंड उघडलंस की लोक हसतात. देणगी आहे ती! राज्यकारभार तुझ्या तोंडून कोण ऐकणार?”

येल्लय्या गुम्मेटा पुन्हा गळ्यात अडकवी.

एकोणीसशे छप्पन्न साल उजाडले आणि तेलुगू बोलणाऱ्यांचे एकच राज्य होणार हे ठरत आले. नदीपल्याडच्या लोकांच्या मनात शंका होत्या. त्या दूर कराव्यात म्हणून, बतुकम्मा या फुलांच्या सणात, पेर्राजूंनी मेळा तिकडे नेला. वाटेत येल्लय्याचे गाव लागले. आपण कथेत मोठ्या जागेवर आहोत असे त्याने तिथे कळवून ठेवले होते. आपल्या लोकांनी आपले बोलणे मानाने ऐकावे, एवढीच त्याची आस होती.

दुपारी त्याच्या बहिणीने, सायम्माने, आम्हां सगळ्यांना ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची चटणी वाढली. भातावर वाढलेल्या चलमय्याला भाकरी चावेना.

“कुऱ्हाड मिळेल का हो, अहो?”

“पाव्हणं, भाकर कडक हाय का दात नरम, ते आधी ठरवा,” सायम्मा म्हणाली. मग भावाकडे वळली. “येल्ल्या, खरं सांग. तिकडं लोक तुझ्यासंगं हसतात का तुला हसतात?”

येल्लय्या हात धुवायला उठला. संध्याकाळी आवाज चढावा म्हणून माझ्या भावाचे कातडे शेकायला बसला, तेव्हा गवताचा जाळ इतका वेळ धरला की चामड्याला करपट वास आला.

फुले तळ्यात सोडून बाया परतल्या, मंडपात बसल्या. पेर्राजूंनी कथेला रंग भरला. एकाच तेलुगू आईची सारी लेकरे, असे ते म्हणाले तेव्हा माना डोलल्या. आणि मग सवयीने त्यांनी डावीकडे पाहिले. “काय रे येल्लय्या, जेवलास का?”

“जेवलो की मालक. भाकर मस्त होती, पोट टंच झालं.”

पेर्राजू हशासाठी थांबले. हशा आला नाही.

पुढे बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “बरोबरच तर बोललं लेकरू. हे थांबले कामून?”

ऐकू गेले नसेल असे वाटून पेर्राजूंनी तोच प्रश्न अधिक मोठ्याने विचारला. आता मात्र साऱ्यांना उलगडले.

“समजलं!” एक शेतकरी उठून उभा राहिला. “आपण बोललो की त्यांच्याकडं हसू येतं. काय हो कथेकरी, राज्य एक झाल्यावर आम्हांला डाव्याच बाजूला उभं करणार का?”

लोक घोंगड्या झटकू लागले. सायम्मा तेवढी बसून राहिली, मान खाली घालून.

येल्लय्याने गळ्यातला गुम्मेटा काढला आणि तो माझ्यासमोर आला. “चलमय्या अण्णा, हा घे. तुझा मला दे.”

चालू कथेत बाजू बदलत नाहीत. पेर्राजू कुजबुजले, “अरे, कथा मोडेल!”

“मोडलीच हाय. आता जोडायचं बघा.”

चलमय्याने सायम्माकडे पाहिले आणि माझा पट्टा मानेवरून उतरवला.

येल्लय्याचा तळवा माझ्यावर पडला. मी एवढा मोठ्याने कधी बोललो नव्हतो. उठलेले लोक होते तिथेच थांबले.

“मी ह्याच गावचा येल्लय्या. दोराच्या वेठीतून पळालो, तवा ज्यानं भात वाढला तो हा चलमय्या. माझ्या बोलीवर पयल्यांदा हसला तोबी हाच. दोन्ही खरं हाय. मला एक राज्य पाहिजे. जुलूम एका मुलखात आन् आसरा दुसऱ्या मुलखात, आसं माझ्या भाच्यांच्या नशिबी नको. पण उजवी बाजू एकाच काठाची, हे मला कबूल न्हाई. बोलायची पाळी वाटून घेऊ, हसायचीबी वाटून घेऊ!” मग तो डावीकडे वळला. “काय हो चलमय्यागारू, भाकर कशी लागली आमची?”

चलमय्याने डाव्या गुम्मेट्यावर थाप मारली. “भाकरी उत्तम हो, अहो! दातच परमुलखातले निघाले हो, अहो!”

पहिली हसली ती सायम्मा. मग सारा मंडप. पेर्राजूंच्या तंबुऱ्याने सूर धरला आणि घोंगड्या पुन्हा अंथरल्या गेल्या.

नोव्हेंबरात राज्य झाले. त्यानंतर आमच्या मेळ्यात गावागणिक बाजू बदलत गेली. पेर्राजूंनी तो नियम कथेच्या आरंभी नमनातच घातला.

पुढे सिनेमा आला, आणि पडद्यावर येल्लय्याची बोली पुष्कळदा डाव्याच बाजूला उभी राहिली. एकत्र येताना तेलंगणाला दिलेली वचनेही काही पाळली गेली, काही नाही. आता पुन्हा दोन राज्ये आहेत. एकत्र येणे फसले का, असे लोक विचारतात. मी एवढेच जाणतो की ऐक्य घोषणेवर टिकत नाही. कोण कोणाला हसतो आणि पाळी बदलते का, यावर टिकते. जिथे पाळी बदलली, तिथे ते मी टिकलेले पाहिले आहे.

मी सायम्माच्या नातीच्या, स्वरूपाच्या घरी खुंटीवर असतो. कडेला एक चीर गेली आहे, पण आवाज शाबूत आहे. माझा भाऊ नदीपल्याड चलमय्याच्या नातवाकडे आहे. एकट्याने कथा उभी राहत नाही, म्हणून बोलावणे आले की दोन्ही घरांना निघावे लागते.

काल तसे बोलावणे आले. स्वरूपाने चलमय्याच्या नातवाला फोन लावला. “या खेपेला उजवीकडं कोण?”

“गेल्या खेपेला तुम्ही होता हो, अहो,” पलीकडून हसत उत्तर आले.

“मग घ्या माझा गुम्मेटा. पण भाकर खावी लागंल!”

तिने मला खुंटीवरून काढले आहे. गवत पेटते आहे. वाचकहो, आता निरोप द्या. मला शेकून घ्यायचे आहे.