वाईसचा दांडा

हदगावच्या बाजारामागे मकबूलचं दुरुस्तीचं दुकान आहे. सटवाजीनं तिथं वस्तू जबड्यात आवळून धरायचा जुना बेंच वाईस आणून टाकला. पुढचा जबडा ज्या दांड्यावर सरकतो, तो मधोमध वाकला होता. जबडे मिटत नव्हते.

"कुणी वाकवला?" मकबूलनं विचारलं.

"मीच. ट्रॅक्टरचा हूक सरळ करून राहिलो होतो. हँडलला पाइप लावून वर नाचलो."

"नाचायला दुसरी जागा न्हाई गावली, मामा?"

सटवाजीचा मुलगा आदिनाथ हसला. वाईस त्याचा होता. तो पुण्याकडं कारखान्यात गेल्यापासून वाईस घरी पडून होता. मार्चमध्ये कारखान्यातल्या प्रेसखाली त्याचा डावा हात मनगटापासून गेला. आता गावात विळे, करवती घासून द्यायचं त्यानं ठरवलं होतं. कानस उजव्या हातानं चालली असती. वस्तू धरायला वाईस हवा होता.

मकबूलनं दांडा काढला, गंज खरवडला, फुगवटा वर करून दोन ठोकळ्यांवर ठेवला आणि वरून जॅक लावला. दाबायचं, सोडायचं, पोलादी पट्टी लावून बघायचं. पट्टीखालून दिसणारा उजेड दर वेळी कमी झाला. सातव्या दाबानंतर जबडा सरकला. फक्त शेवटच्या बोटभर अंतरात अडला.

"एवढं घासून काढतो. आता दाब न्हाई द्यायचा. जुना धातू हाय."

"चालतंय, चाचा," आदिनाथ म्हणाला.

"न्हाई चालत," सटवाजी म्हणाला. "माझ्यानं वाकला. होता तसा करा."

"आबा, राहू द्या."

"तू गप. मकबूलभाई, एकच डाव."

मकबूलनं आदिनाथकडं पाहिलं. आदिनाथ आबांकडं बघत होता. मकबूलनं जॅकला दोन झटके दिले. तिसरा सटवाजीनं दिला.

टक्क असा लहान आवाज झाला. दांड्याचे दोन तुकडे पडले.

"वेल्डिंग?" सटवाजीनं विचारलं.

"लागंल. पण वाईस आवळला की परत तुटंल."

सटवाजीनं फळीवरचा एक विळा उचलला आणि दोन्ही हातांनी ठोकळ्यावर दाबून धरला. "मी धरत जाईन. तू घास."

"किती वर्षं धराल, आबा?"

"घास म्हणलं ना."

आदिनाथनं कानस घेतली. कानशीचा पहिला फेरा नीट गेला. दुसऱ्याला विळा हलला आणि कानस सटवाजीच्या अंगठ्यावरून गेली. साल निघाली, रक्त आलं. सटवाजीनं विळा सोडला नाही.

आदिनाथनं कानस खाली ठेवली.