शरयूच्या गाडीचा रेडिएटर

थोरल्या भावाच्या, भगवानदादांच्या पत्राला वैजनाथरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा संक्रांत व्हायची होती, आता होळी जवळ आली होती. पत्रात तसं नवं काही नव्हतं. तुझ्या शरयूची गाडी अमडापूरला पाठवून दे, मी तिला साधे गिअर बसवून घेतो, माझा ड्रायव्हर चालवील. पोरीनं एकटीनं गाडी पळवत फिरावं हे बरं दिसत नाही. तिची नोकरीही आता पुरे झाली. हो म्हणून दोन ओळी टाक.

होकाराच्या दोन ओळी टाकणं सोपं होतं. नकाराच्या टाकायच्या तर त्या अमडापूरच्या ओसरीवर वाचल्या जाणार होत्या. त्या घरात आलेलं पत्र एकट्यानं वाचायची रीतच नव्हती. गोजरबाई वहिनी हातातलं सूप बाजूला ठेवत, गडीमाणसं उंबऱ्याशी टेकत, आणि दादा खड्या आवाजात पहिल्या 'तीर्थरूप'पासून शेवटच्या 'दंडवता'पर्यंत सगळं वाचून दाखवत. वैजनाथरावांचा जन्म सोनाळ्याच्या वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे लावण्यात गेला होता. चारचौघांत त्यांना खोकायचीही चोरी. आपला नकार असा मोठ्यानं वाचला जातोय, हे नुसतं डोळ्यांपुढे आलं तरी हातातली लेखणी खाली पडे. मग ते गप्प राहत. आणि त्यांचं गप्प राहणं अमडापुरात होकार म्हणून धरलं जाई. शेताच्या वाटण्या झाल्या तेव्हाही असंच झालं होतं.

गाडी शरयूला तिच्या काकानं, सुधाकरनं दिली होती. अमेरिकेत शिकून परतताना त्यानं ती बोटीवर चढवून आणली. लाल, बुटकी, दोन दारांची, केवळ पळण्यासाठी घडवलेली. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडत. लहानपणीच्या तापात शरयूचा डावा पाय कायमचा लुळा पडला होता, आणि या गाडीत डाव्या पायाला काहीच काम नव्हतं. शेवटच्या दुखण्यात सुधाकरनं किल्ली तिच्या मुठीत ठेवली. तेव्हापासून ती पूर्णा नदीकडच्या एका गावी शाळेवर शिकवायला जाऊ लागली. एसटी मोठ्या रस्त्यावर सोडी, आणि तिथून पुढची गाडीवाट कुबडीवर रोज तुडवणं तिच्यानं झालं नसतं.

ते गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे, प्यायचं गोडं पाणी बैलगाडीनं लांबून येई. गाव मायाळू होतं. बाई आल्या की त्यांना गोड्या पाण्याचा तांब्या मिळे आणि त्यांच्या गाडीला विहिरीची बादली. गोडं पाणी लोखंडाला पाजायचं कोणाला सुचणार? वर्षानुवर्षं गाडी खारं पाणी प्याली. रेडिएटरची जाळी आतून क्षारांनी खाल्ली आणि माघात एक दिवस शाळेच्या वाटेवरच फुटली.

सरकीच्या ट्रकवर चढवून गाडी खामगावला शेषराव मिस्त्रीकडे नेली. काही दिवसांनी बापलेक तिथे गेले, तर गाडीशेजारी भला मोठा गिअरबॉक्स पडलेला.

"या गुरुजी," शेषराव म्हणाला. "पाहून घ्या. जीपचा हाये. एकदम मजबूत."

"फुटलाय रेडिएटर," शरयू म्हणाली. "गिअरला काय धाड भरली?"

"काई नाई. पण ताई, तुमच्या रेडिएटरच्या खालच्या टाकीत एक नळी हाये. गिअरचं तेल त्या नळीतून फिरते अन् थंडं होते. बजारातल्या रेडिएटरले अशी नळी नसते. मंग तेल कुठी थंडं करता? घरी पोचाच्या आत गिअर जळून जाईन. म्हनून जीपचा रेडिएटर, अन् त्याच्यासंगं जीपचाच गिअर. अमडापूरच्या दादासाहेबांचा निरोप होता. गुरुजीचा होकार हाये म्हने."

शरयूनं वडिलांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही हो म्हणालात?"

"मी काहीच म्हणालो नाही."

"तेच ते." ती मिस्त्रीकडे वळली. "आणि क्लच मी कशानं दाबू? कुबडीनं?"

"दादासाहेब डायवर देतात ना."

"मग शाळेत शिकवायलाही एक द्या म्हणावं."

वैजनाथरावांना तिथून उठून जावंसं वाटलं. मशीनमधलं आपल्याला काय कळतं? मिस्त्री म्हणतो तेच खरं असेल. पण पाय बाहेर जाण्याऐवजी कोपऱ्यातल्या भंगाराकडे गेले. तिथे जुना रेडिएटर पडला होता. ते धोतर सावरून त्याच्यापुढे उकिडवे बसले.

"शेषराव, ही खालची टाकी फुटलीय का?"

"नाई जी. पितळाची हाये, तिले काई होत नाई. जाळी सडली."

"मग जाळी तेवढी नवी लावायची आणि खाली हीच टाकी ठेवायची, तर?"

शेषरावनं मान खाजवली. "झाळ देऊन जोडता येईन. मीच पयले बोललो असतो, पण निरोप जीपच्या गिअरचा होता. जाळी मात्र या टाकीच्या रुंदीची पायजे."

त्याच्याकडे तीन जाळ्या होत्या. एक जीपची, एक टॅक्सीची, एक ट्रकची. वैजनाथरावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, टाकीवर ताणून धरलं आणि चिमटीत माप पकडून एकेका जाळीला लावू लागले. नेमके त्याच वेळी कापूस घेऊन बाजारात आलेले भगवानदादा दारात उभे राहिले.

"काय बे वैजा, लुगडं मोजून राह्यला का?"

कारखान्यातली माणसं हसली. वैजनाथरावांचे कान तापले, पण चिमटी सुटली नाही. जीपची जाळी चार बोटं कमी पडली. टॅक्सीचीही पडली. ट्रकची बोटभर जास्त भरली.

"ही बसेल, दादा."

"ट्रकची? त्या पिटुकल्या गाडीले? बॉनेटचं झाकन तरी लागन का?"

"वरून अन् बाजूनं कापा लागन," शेषराव म्हणाला. "होईन. पण हमी नाई देत मी."

"आयकलं? हमी नाई. शेषराव, तू जीपचा गिअर चढव. याले कोन इचारते?"

"मला कोणी विचारत नाही, म्हणून आज न विचारता सांगतो." वैजनाथरावांचा आवाज इतका चिरकला की त्यांचा त्यांनाच परका वाटला. "ट्रकची जाळी कापा. टाकी जुनीच ठेवा. आणि तो गिअर इथून उचला."

दादा दारातून आत आले. "अन् रस्त्यात पोरगी अडकली तं?"

"तिच्या शेजारी मी असेन."

"तू? तुले चाक बदलता येते का?"

"नाही येत. बसता येतं."

शरयूनं तोंडाला पदर लावला. दादा हसले नाहीत. "हे तोंडचं मी धरत नाई, वैजा. घरी गेला का थंडा होशीन तू, मले काय मालूम नाई? लेखी येऊ दे. कागद नाई आला तं मी हो समजतो, अन् सोमवारी डायवर धाडतो गाडी न्याले." आणि ते बाजाराकडे चालू लागले.

भावाची नस त्यांना ठाऊक होती.

शेषरावनं पत्र्याची कात्री घेतली. जाळीवर ती पहिल्यांदा दाबली गेली तशी वैजनाथरावांनी मान वळवली. चुकलं तर? कापलेली जाळी परत जोडता येत नाही. ते उठले आणि कोट झटकला.

"कुठे निघालात?"

"पोस्टात."

"अहो बाबा, आधी गाडी सुरू तर होऊ द्या. मग लिहा ना."

"नको," ते म्हणाले. "गाडी चालली म्हणून नाही म्हटलं, असं व्हायला नको. नाही चालली तरी नाहीच."

पोस्टाच्या बाकावर बसून त्यांनी अंतर्देशीय पत्र गुडघ्यावर पसरलं. 'विनंती' हा शब्द लिहिला आणि खोडला. 'क्षमस्व' लिहिला, तोही खोडला. मग एका दमात लिहून काढलं.

'तीर्थरूप दादांस वैजनाथचा शिरसाष्टांग दंडवत. गाडी देणार नाही. शरयू नोकरी सोडणार नाही. माझे गप्प बसणे यापुढे होकार समजू नये. चैत्रात आम्ही दोघे अमडापूरला येऊ. गाडी शरयू चालवील. गाडी नाही चालली, तर एसटीने येऊ आणि हेच सांगू. वहिनींस दंडवत. पत्र ओसरीवर मोठ्याने वाचावे.'

जिभेनं कड ओली करून त्यांनी पत्र चिकटवलं. पेटीपुढे एक बाई थांबली होती. ती म्हणाली, "टाका नं आजोबा, तुमचं टाका पयले." त्यांनी हात आत घातला आणि पत्र सोडून दिलं.