‘डॉग’ची कुळकथा

बाबांच्या इंग्रजी शब्दकोशात माझी निम्मी हयात गेली. आता ते थकले होते, आणि नव्या आवृत्तीवर संपादक म्हणून कुणाचं नाव घालायचं असा विषय निघाला, तर म्हणाले, जावईबापूंचा विचार करतोय. जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, परवा परवा कामाला लागलेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याच्याविषयी संशय मला आधीपासूनच होता. शब्दाचे अर्थ आणि तो आला कुठून याची टिपणं आम्ही दोघं काढायचो. बाबा शेवटचा हात फिरवून मजकूर टायपिस्टबाईंना सांगायचे. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही म्हणून त्याची टाइप झालेली पानं मी तपासायची आणि माझी त्याने, हा बाबांचा नियम. त्याच्या पानांवर एकाही शब्दाचं मूळ अडलेलं नसे. मी ग्रंथांत डोकं खुपसून बसते तरी हात हलवत परतते, आणि याला सगळं सापडतं? पठ्ठ्या थापा मारत होता, दुसरं काय.

म्हणून मी मुद्दाम त्याला ‘डॉग’ दिला. अर्थ सोपे: कुत्रा, पिच्छा पुरवणे. पण हा शब्द इंग्रजीत आला कुठून, ते भल्याभल्यांना सांगता आलेलं नाही. जुन्या काळी इंग्रज कुत्र्याला ‘हाउंड’च म्हणत. याने मूळ दिलं की सापडलाच.

संध्याकाळी तो म्हणाला, मूळ काही लागत नाही, ‘अज्ञात’ लिहून बाबांकडे दिलंय. मला वाटलं, बेटा सावध झाला.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या खोलीत गेले, तर ते टायपिस्टबाईंना सांगत होते, “डॉग. शिकारी कुत्र्याला हाक मारताना जो आवाज काढत, त्यावरून.”

“बाबा, हे कुठे मिळालं?”

“अगं, ‘अज्ञात’ लिहिलं की कोश अडाणी दिसतो. मी नेहमीच भरतो.”

जावईबापू माझ्यामागे येऊन उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“ताई, तुमच्या पानांवरही कुठे ‘अज्ञात’ नसतं,” तो हळूच म्हणाला. “मला वाटायचं, तुम्हीच मनाने लिहिता.”

मला रडू आलं. म्हणजे मी ‘अज्ञात’ लिहिलं तिथेही बाबाच भरत होते. इतकी वर्षं मी कशासाठी राबले?

“बाबा, संपादक म्हणून तुमचंच नाव राहू द्या,” मी म्हटलं. “माझं कुठेच घालू नका.”

“माझंही नको,” जावईबापू म्हणाला.

बाबांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही.