उपटलेली सांदवाडी

कोंढ्याच्या चंद्रभागाबाईचा डावा पाय लग्नाआधीपासून जड होता असं गावातल्या बाया म्हणत, पण ते खरं नव्हतं. इश्वर पोटात असताना तिला पहिल्यांदा हुडहुडी भरून ताप आला, जांघेत गाठ आली, आणि ताप उतरला तरी पायाची सूज पुरती उतरली नाही. त्या मुलखात हत्तीपाय घरोघरी. कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. ताप अधूनमधून येत राहिला आणि दरवेळी पाय थोडा आणखी जड करून गेला. त्याच पायाने तिने शेताच्या बांधीत उभं राहून धानाची रोवणी केली, इश्वरला मोठं केलं, आणि चिखलातून पाय उचलेनासा झाला तेव्हा रोवणी सोडून ती घरामागच्या सांदवाडीत उतरली.

घराची मागची भिंत आणि बोडीची, लहान तळ्याची, पाळ यांच्यामध्ये काट्यांचं कुंपण घातलेली ती जागा. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, अंबाडी. कुंपणावर वाल आणि दोडके. विकायला काही नसायचं. घरात शिजायचं, उरलं तर शेजारी जायचं. कोणाच्या घरी पाहुणा आला की पोरगी टोपलं घेऊन चंद्रभागाबाईच्या दारात उभी.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात विहिरीच्या ओट्यावर शेवाळावरून तिचा पाय सरकला. तिने हात टेकला, आणि उजवं मनगट मोडलं. शेजारच्या गावच्या, हाडं बसवणाऱ्या एका म्हाताऱ्याने बांबूच्या कामट्या लावून बांधलं. हाड जुळलं, पण वाकडं. त्यानंतर खुरपं धरलं की मुठीत जोर येईना. ती डाव्या हाताने निंदायला शिकली. जिथे पूर्वी सकाळच्या न्याहारीपर्यंत अख्खी वाडी निंदून व्हायची, तिथे आता एक वाफाही पुरा होत नसे. नवऱ्याला, टेकचंदला, दमा. तो विहिरीतून एक पितळी गुंड भरून पाणी काढायचा, वाफ्यात ओतायचा आणि पाळीला पाठ टेकून बसायचा. छाती शांत झाली की दुसरा गुंड. दोघं फारसं बोलत नसत. दुखण्याने तिचं तोंड मिटलेलं, धापेने त्याचं.

इश्वर वरठीला नोकरीला होता. दिवाळी होऊन गेल्यावर तो घरी आला तेव्हा चंद्रभागाबाई तापाने फणफणली होती. पाय लालबुंद झाला होता, त्यातून पाणी झिरपत होतं. त्याने शेजाऱ्याच्या बंडीला घरचे बैल जोडून तिला पवनीच्या दवाखान्यात नेलं. टेकचंद तिच्या उशाशी राहिला, आणि इश्वर घर आणि बैल सांभाळायला परत आला.

आठवडाभराने ती घरी आली. मागचं दार उघडून पाहते तर वाडीत काहीच नाही. वांग्याची झाडं उपटलेली, वाल ओढून काढलेला, जमीन फावड्याने सारखी केलेली. एका कोपऱ्यात वाळका ढीग तेवढा.

"हे काय केलं?" ती म्हणाली.

इश्वर मागे उभा होता. "मीच केलं, माय. दोन माणसं लावून साफ करून घेतलं. डॉक्टर म्हणत होते, पाय चिखलामातीत घालू नको. तू ऐकशील का? वाडी आहे तवरक तू त्यात जाशील, अन् बाबाबी जातील. आता भाजी बाजारातून आणा. मी पैसे धाडून राहिलो नं."

पोराने रागाने केलं नव्हतं, हे तिला कळत होतं. तिला रागवायला हवं होतं, पण राग आलाच नाही. त्या मोकळ्या जमिनीकडे पाहताना तिला सगळ्यात आधी वाटलं ते एवढंच, की उद्या पहाटे उठायचं नाही. स्वतःलाच त्याची लाज वाटून तिने दार लोटून घेतलं.

टेकचंद त्या दिवशी जेवला नाही. पण पोराला काही बोललाही नाही.

इश्वर वरठीला परत गेला. पहिले काही दिवस चंद्रभागाबाई नुसती झोपली. दुपारी झोपली, संध्याकाळी दिवा लावून पुन्हा आडवी झाली. इतक्या वर्षांचा थकवा अंगातून निघत होता. शेजारची गोदावरीबाई विचारायला आली. "वालाच्या शेंगा आहेत का वो, बाई? जावई आला आहे." तिने नुसती नाही म्हणून मान हलवली. गोदावरीबाई रिकामं टोपलं घेऊन परत गेली.

मग झोप संपली. पहाटे डोळा उघडायचा आणि उठून कुठे जायचं ते सुचायचं नाही. ती ओसरीवर बसून राहायची. मनगट ठणकायचं, पाय ओढायचा. आधी तिला वाटायचं की खुरप्यामुळे मनगट ठणकतं, उकिडवं बसल्यामुळे पाय ओढतो. आता खुरपं खुंटीला होतं, आणि दुखणं होतं तिथेच होतं. उलट आता दिवसभर त्याच्याशिवाय दुसरीकडे बघायला काही नव्हतं.

एका सकाळी तिने टेकचंदला म्हटलं, "अजी, बसूनबी दुखते."

तो बाजेवर होता. "मंग?"

"मंग करून दुखू द्या नं."

टेकचंद बाजेवर उठून बसला. "मले वाटलं, तुले बरं वाटून राहिलं," तो थांबत थांबत म्हणाला. "म्हणून मी काही बोललो नाही."

"वाटलं होतं," ती म्हणाली. "खोटं कायले बोलू?"

गोदावरीबाईकडून वालाचं आणि वांग्याचं बी आणलं. अख्खी वाडी पुन्हा उभी करायची ताकद दोघांतही नव्हती, हे न बोलता ठरलेलं होतं. दाराजवळचा तेवढा तुकडा धरला. चंद्रभागाबाईने जुन्या लुगड्याची पट्टी पायाला घट्ट गुंडाळली, पोतं अंथरलं, त्यावर पाट ठेवला आणि बसल्या बसल्या डाव्या हाताने माती मोकळी केली. हात पोचेल तेवढं झालं की पाट पुढे सरकवायचा. पहिल्या दिवशी परातभर जागा झाली असेल. रात्री हात वर उचलता येईना.

पुढच्या खेपेला इश्वर आला तेव्हा वालाला चार पानं फुटली होती. त्याने ती पाहिली, मायच्या पायाची पट्टी पाहिली आणि पिशवी ओसरीवर टाकली.

"कायसाठी करून राहिली तू हे? मरासाठी?"

"मरासाठी एवढी मेहनत कोण करते, बापू?" ती म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं, भांडायला जोरच नव्हता. "तू माह्या भल्यासाठी केलं. मीबी आराम करून पाहिला. मले आराम जमला नाही. तू एक काम कर. मांडव घालून दे छातीइतका उंच. वेल वर गेला की मले वाकावं नाही लागणार."

इश्वर पिशवी आत ठेवून आला. मग बांबू आणायला निघाला. मांडव त्याने दुपारपर्यंत घातला. जाताना टेकचंदला म्हणाला, "पायाले काही झालं तं निरोप धाडजा," आणि बस धरायला फाट्याकडे चालू लागला.

त्या हिवाळ्यात फार काही पिकलं नाही. वांग्याची रोपं बकऱ्यांनी खाल्ली, कारण कुंपण नीट करणं दोघांच्याने झालं नाही. पौषात चंद्रभागाबाईला पुन्हा ताप आला, आणि ती अंथरुणात असताना टेकचंदने पाणी घातलं तेवढंच. पण वाल मांडवावर चढला. ताप उतरल्यावर ती भिंतीला धरत धरत मागच्या दारात आली, मांडवाखाली उभी राहिली आणि शेंगा तोडू लागली. ओटी अर्धीही भरली नव्हती, तोच तिला दम लागला.

"राहू दे बाकीच्या," टेकचंद पाळीवरून म्हणाला.

"जून होतील."

"होऊ दे. बियाले लागतीलच."

ती पाटावर बसली. पाय पुढे पसरला आणि ओटीतल्या शेंगा एकेक करून सोलायला लागली.