तळ न दिसणाऱ्या पाण्यात मी कसा पोहलो

सुज्ञ वाचक बंधूंनो आणि भगिनींनो, प्रस्तुत कथनात मी तलावात पोहण्याची माझी पूर्वतयारी, त्या तयारीत उडालेली माझी त्रेधातिरपीट आणि चाचणीच्या दिवशी प्रत्यक्ष पाण्यात जे जे घडले, ते सर्व यथाक्रम आणि काहीही हातचे न राखता सादर करणार आहे. कृपया शांत चित्ताने वाचावे. मलाच लिहिताना शांत राहता येत नाही, ही गोष्ट निराळी.

माझा व्यवसाय जुने सोफे, खुर्च्या आणि वाहनांची आसने नव्याने भरून देण्याचा. बाजारपेठेत मला सारे स्पंजदादा म्हणतात. शिक्षण सातवीपर्यंत, त्यापुढील भाषाज्ञान मी सोफ्यांच्या पोटातून निघालेल्या जुन्या मासिकांतून संपादन केले. दुकानाचा टेम्पो आमची अर्धांगिनी चालविते. मी चालवीत नाही, कारण चष्मा काढल्यास मला समोरचे दिसत नाही आणि चष्मा लावल्यास, तिच्या मते, समोरचे कळत नाही.

आमची लेक रुग्णालयात परिचारिका असून कामावर सायकलने जाते, आणि काम नसेल तेव्हाही सायकलनेच कोठेतरी जाते. जावईबापू लिफ्ट दुरुस्त करतात. ते ज्या इमारतीत जातात तेथील लिफ्ट अर्थातच बंद असते, त्यामुळे जिने चढून चढून त्यांच्या पायांत विलक्षण दम आलेला आहे. या उभयतांनी पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी लांब पल्ल्याच्या शर्यतीत संघ उतरविला होता. सायकल लेकीची, धावणे जावईबापूंचे, आणि पोहणे तिच्या एका मैत्रिणीचे. दोन वर्षे लेकीने उन्हातान्हात त्या शर्यतीसाठी सायकल मारली. आणि ऐन वेळी मैत्रिणीची दूरगावी बदली झाली.

"बाबा," लेक दुकानात येऊन म्हणाली, "तुम्ही रोज पोहता ना?"

"पोहतो," मी टाचणीचे टोक ओठांत धरून म्हणालो. नगराच्या तरणतलावात मी कित्येक वर्षे रोज सकाळी पोहत आलो आहे.

"मग चार किलोमीटर पोहाल?"

टाचणी मी गिळली नाही, ही दैवाची कृपा.

तिने पुढे सर्व समजावून सांगितले. शर्यत गावाबाहेरच्या मोठ्या तलावात होती. कोणी बुडू नये म्हणून आयोजकांनी प्रत्येक पोहणाऱ्यास आधी चाचणी लावली होती: त्याच तलावात निम्मे अंतर, मधोमध तरंगणाऱ्या नारिंगी बोयाला डाव्या हाताला ठेवून वळसा घालायचा आणि ठरलेल्या वेळेत परत यायचे. नापास झाल्यास संपूर्ण संघ बाद. दुसरा पोहणारा आणण्याची मुदत संपलेली. तात्पर्य, मी बुडालो तर मी एकटा बुडणार नव्हतो.

"नाही म्हणालात तरी चालेल," लेक म्हणाली. परंतु तिचा चेहरा चालेल असे म्हणत नव्हता.

मी हो म्हणालो. त्या क्षणी माझी छाती अभिमानाने इतकी फुगली की सदऱ्याचे बटण तुटून सोफ्यात गेले.

पहिल्या रविवारी आम्ही सहकुटुंब तलावावर गेलो. मी दंड थोपटले, पाण्यात शिरलो, तोंड पाण्यात घातले आणि तत्काळ बाहेर आलो.

"काय झालं?" अर्धांगिनीने विचारले. "काही चावलं का?"

"नाही. काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं तर बाहेर कशाला आलात?"

"काहीच नव्हतं म्हणूनच आलो!"

वाचकहो, यात अतिशयोक्ती नाही. तरणतलावाच्या तळाशी काळ्या फरशीची एक सरळ रेघ असते. मी इतकी वर्षे त्या रेघेच्या भरवशावर पोहलो. तलावात रेघ नाही, फरशी नाही, भिंत नाही. खाली नुसते हिरवे आणि त्या हिरव्याखाली आणखी हिरवे. माझी पाचावर धारण बसली.

"जमेल हळूहळू," जावईबापू समजूतदारपणे म्हणाले. "आधी थंडीचा बंदोबस्त करू. रबरी पोशाख घातला की माणूस तरंगतो, मग भीती वाटत नाही."

भाड्याने मिळणारा रबरी पोशाख माझ्या गुडघ्यांपर्यंत सुरळीत आला, मांड्यांवर कुरकुरला आणि पोटाशी आल्यावर त्याने असहकार पुकारला. जावईबापूंनी एका बाजूने आणि लेकीने दुसऱ्या बाजूने ओढले. मी मध्ये भरायला घेतलेल्या गादीसारखा उभा होतो. अखेर तो परत करावा लागला.

"त्यात काय आहे?" मी म्हणालो. "आत स्पंज, वर रेक्झिन. आयुष्यभर हेच तर केलं. पोशाख मी शिवतो."

तीन संध्याकाळ मी स्वतःचे माप घेऊन कापले, चिकटविले, दुहेरी टाक्यांनी शिवले. काळे रेक्झिन, पाठीला चेन, मानेला मऊ किनार. तो पोशाख पाहून शेजारचा घड्याळजीसुद्धा म्हणाला, "दादा, हा विकायला काढा."

दुसऱ्या रविवारी तो परिधान करून मी पाण्यात झेप घेतली. आणि काय आश्चर्य! माझा पार्श्वभाग पाण्याबाहेर बेटासारखा वर आला, व डोके खाली गेले. मी डोके वर काढावे, तर ते अधिकच खाली जाई. हातपाय झाडावेत, तर मी जागच्या जागी गोल फिरे. काठावरून हसण्याचा आवाज येत होता, परंतु कोणाचा ते मी उलटा असल्यामुळे कळले नाही. जावईबापू कमरेइतक्या पाण्यात उतरून मला पायांना धरून ओढत काठावर घेऊन आले.

लेक हसून हसून गवतावर आडवी झाली होती. "बाबा, मागे किती जाड स्पंज लावलाय हो?"

मी चाचपून पाहिले. मग सारा उलगडा झाला. माझ्या हातांना एकच शिस्त ठाऊक: बसायच्या जागी सर्वांत जाड भर, पाठीला मध्यम, आणि पुढे नुसते कापड. मी पोहणाऱ्याचा पोशाख नव्हे, तर एक उत्तम आरामखुर्ची शिवली होती.

"बसायला छान आहे पण," अर्धांगिनी डोळे पुसत म्हणाली. "तलावात बसूनच राहा."

मीसुद्धा हसू लागलो. हसता हसता उचकी लागली, उचकीने पुन्हा हसू आले. परंतु टेम्पोत बसल्यावर लेक एकाएकी हसायची थांबली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. चाचणीस एकच आठवडा उरला होता.

घरी येताच मी कामाला लागलो. भाड्याच्या दुकानदाराकडे एक फाटका, टाकून दिलेला पोशाख होता; तो त्याने मला तसाच दिला. मी त्याच्या दोन्ही बगलांपासून मांडीपर्यंत टायरच्या जुन्या ट्यूबच्या रबराच्या कळ्या, म्हणजे रुंदी वाढविणाऱ्या पट्ट्या, घातल्या. पोट मावले. श्वासही मावला. मी आरशापुढे उभा राहिलो असता अर्धांगिनी म्हणाली, "अहो, आता मात्र कोणी बसणार नाही तुमच्यावर." हे प्रशस्तिपत्र समजून मी ते स्वीकारले.

उरला प्रश्न हिरव्याचा. त्यावर जावईबापूंनी तोडगा सांगितला. "बाबा, पाण्यात दुसऱ्याच्या मागे पोहायला परवानगी असते. पुढच्याचे पाय धरू नका, फक्त बघत राहा. तीच तुमची काळी रेघ."

मी त्यांना कडकडून मिठी मारली. त्यात त्यांचा चहा सांडला.

चाचणीच्या सकाळी तलावावर धुके होते. लाल टोपी घातलेले एक पंच काठावर घड्याळ घेऊन उभे होते. दोन होड्या पाण्यावर पहारा देत होत्या. होडीस हात लावला की चाचणी संपली, असे पंचांनी बजाविले. मी चष्मा अर्धांगिनीकडे दिला. त्याबरोबर तलाव, होड्या, बोया आणि पंच हे सर्व एकाच रंगाचे झाले.

माझ्या शेजारी गुलाबी टोपीतल्या एक बाई उभ्या होत्या. विचारता कळले की त्या शाळेत भूमिती शिकवितात. माझ्या मनातील सारी शंका फिटली. दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर ज्यांनी पिढ्यान्पिढ्यांस शिकविले, त्यांच्या मागून जाण्यात धोका तो कसला?

शिट्टी वाजली. बाईंच्या पायांनी पांढरे बुडबुडे उडविले आणि मी त्या बुडबुड्यांमागे लागलो. वाचकहो, तो आनंद मी कसा वर्णावा? खाली हिरवे होते, परंतु मी त्याकडे पाहतच नव्हतो. मला वाटले, असाच पोहत मी पलीकडच्या तालुक्यात निघेन. मी पाण्यात तोंड ठेवून गाणेही म्हटले. ते ऐकायला कोणी नव्हते, म्हणून कडवीसुद्धा म्हटली.

मग बाईंचे पाय एकाएकी थांबले आणि माझ्या तोंडावर काहीतरी ओले, खरखरीत आपटले. मी डोके वर काढले. चहूकडे पाणगवत होते.

"अहो, तुम्ही माझ्या मागे का येताय?" बाई धापा टाकत म्हणाल्या.

"तुम्ही पुढे होतात म्हणून."

"आणि मी पुढे जात होते ते तुम्ही मागे येताय म्हणून! म्हटलं, माणूस इतका ठामपणे मागे लागलाय, म्हणजे दिशा बरोबरच असणार."

"बाई, बोया कुठाय?"

त्यांनी गवत बाजूला सारून पाहिले. "मागे राहिला. बराच मागे. डाव्या हाताला ठेवला होता म्हणा आपण."

"मग वळसा झालाच की!"

"झाला. जरा मोठा झाला." आणि त्या घाबरलेल्या अवस्थेतही हसू लागल्या. "मुलांना कळलं तर माझं काही खरं नाही. आता तुम्ही पुढे व्हा. माझा आता माझ्यावर भरवसा नाही."

मी पुढे झालो खरा, परंतु माझ्यापुढे आता कोणाचेच पाय नव्हते. तोंड पाण्यात घातले, हिरवे. वर काढले, धुके. परत तोंड घातले; तेच हिरवे, त्याखाली तेच. जवळची होडी दहा हातांवर आली आणि नावाडी म्हणाला, "येता का दादा?" हात लांब केला असता तर सुटलो असतो. मात्र खिडकीबाहेर पाहणारी लेक माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि मी हात माघारी घेतला. पण जायचे कोठे, हेच दिसत नव्हते.

तोच धुक्यात दोन पिवळे ठिपके लागले. विझले. पुन्हा लागले. पाठोपाठ एक परिचित, कर्कश, माझ्या कानाला सनईहून गोड असा हॉर्न वाजला.

काठावर काय घडले होते ते मला नंतर कळले. दोन टोप्या भलतीकडे जाताना पाहून लेक ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती. अर्धांगिनीने एकच वाक्य उच्चारले, "त्यांना हाक ऐकू येत नाही, घरीसुद्धा येत नाही," आणि जाऊन टेम्पोचे तोंड पाण्याकडे फिरविले. इंजिनाची घरघर हॉर्नला झाकील म्हणून इंजिन बंद केले व दिव्यांची उघडझाप आरंभिली. पंच धावत आले.

"बाई, हे काय चाललंय?"

"दिवे लावू नयेत असा नियम आहे का?"

पंचांनी विचार केला. "नाही. पण हॉर्न थांबवा. सगळी बदकं उडून गेली."

मी त्या दोन ठिपक्यांवर नजर बांधली. चार हात मारायचे, डोके वर, ठिपके. चार हात, डोके वर, ठिपके. बाई माझ्यामागे होत्या; त्यांचे फुसफुसणे ऐकू येत होते. दंड भरून आले, नाकात पाणी गेले, एकदा मी ठिपक्यांकडे पाहून आनंदाने "आलो!" असे ओरडलो आणि पुष्कळसा तलाव प्यालो. मग अचानक माझ्या बोटांना चिखल लागला. तळ! तो आपणहून वर आला होता. दिवे दिसल्यापासून मी त्यास एकदाही शोधले नव्हते.

मी रांगत बाहेर आलो. पंचांनी घड्याळाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, पुन्हा घड्याळाकडे पाहिले. लेक दोन्ही मुठी तोंडात घालून उभी होती.

"वेळेच्या आत आहात," पंच म्हणाले. "दोघंही. अगदी उंबऱ्यावर, पण आत. आणि अंतर दीडपट झालंय, त्याची शंका नको. फक्त एक सांगा, दादा, नंबराचा पोहण्याचा चष्मा का नाही घेत तुम्ही?"

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले. असा चष्मा मिळतो, ही गोष्ट आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती.

"अहो, मिळतो असा?" अर्धांगिनीने मोठ्या कुतूहलाने विचारले.

लेकीने मला मिठी मारली ती इतकी घट्ट की पोशाखातले पाणी दोन्ही बाह्यांतून कारंज्यासारखे उडाले. ती एकाच वेळी रडत होती, हसत होती आणि "बाबा, बाबा" म्हणत उड्या मारीत होती. जावईबापू आनंदातिशयाने तलावाच्या कडेने धावतच सुटले; ते पुष्कळ वेळाने परत आले.

निघण्यासाठी अर्धांगिनीने किल्ली फिरविली. टेम्पोने एक बारीक उसासा टाकला आणि तो निपचित पडला. दिव्यांनी सारी बॅटरी पिऊन टाकली होती.

"उतरा सगळे," ती म्हणाली. "ढकला."

तेव्हा मी रबरी पोशाखात, बाई गुलाबी टोपीत, लेक, जावईबापू आणि लाल टोपीचे पंच अशा पाच जणांनी मिळून तो टेम्पो चढावर ढकलायला घेतला. अर्धांगिनी आत बसून "जोर लावा, शर्यत जिंकायची ना!" म्हणून ओरडत होती. कोणालाही हसू आवरत नव्हते, आणि हसण्याने हातातला जोर जात असल्यामुळे टेम्पो वर जाण्याऐवजी पुन्हा पुन्हा तलावाकडेच येत होता.

येथवर आपण माझ्यासोबत आलात, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. लिहिण्यात जेथे माझा तोल गेला असेल तेथे आपण सांभाळून घ्यावे.

आपला नम्र,
स्पंजदादा